अनुभवाचा दाखला

“आणि सलाइन लावूनही चक्कर थांबली नाही तर?” हैबतराव डॉक्टरांनी विचारलं.

नम्रता बायजाची नाडी धरून उभी होती. हात न सोडताच तिनं उत्तर दिलं. रक्तदाब पुन्हा बघायचा, साखर तपासायची, लघवी कधी झाली ते विचारायचं आणि तरीही उतार नसेल तर वेळ न घालवता पेणला पाठवायचं. डॉक्टर म्हणाले, सुटं सुटं करून सांग. कशासाठी पाठवायचं तेही सांग. तिनं सांगितलं.

“तुमची दोघांची परीक्षा चाललीय खरी,” बायजा खाटेवरून म्हणाली, “पण नापास मी व्हायची.”

डॉक्टर हसले. बायजाला सलाइन लागलं.

गडब गावात हायवेलगतच्या त्या दवाखान्यात वर्षभर हे असंच चाललं होतं. नर्सिंगची पदवी घेऊन नम्रताला आठ वर्षं झाली होती. पदवी हातात पडली आणि महिन्याभरात लग्न उरकलं, मग आदर्श झाला, आणि नोंदणीची परीक्षा ‘पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी’ करत राहूनच गेली. नोंदणी नाही म्हणजे कुठलंच मोठं इस्पितळ दारात उभं करीत नव्हतं. नवरा गणेश रोह्याला कंपनीत. शिफ्ट उलटसुलट झाली की चार-चार दिवस पोराला बाप दिसत नसे. तिला रोह्यात नोकरी लागली तर तिघं एका छपराखाली येणार होती. एवढ्याचसाठी सगळा खटाटोप.

ती मदतनीस म्हणून लागली त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले होते की तुझा अभ्यास मी करून घेतो. तेव्हापासून दारात आलेला प्रत्येक पेशंट म्हणजे एक प्रश्न. काय झालं असेल? काय देशील? किती? आणि तेवढंच का? उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर औषधाला हात लावीत नसत. ती अडली तर म्हणत, पुस्तक काढ, मोठ्यानं वाच. दुसरे डॉक्टर सिस्टरला तोंड उघडू देत नाहीत, हे तिनं मैत्रिणींकडून ऐकलं होतं. सासू इंदुबाई तर येताजाता म्हणायची, “देवमाणूस हाय गो तो.”

एकदाच तिला त्यांचा राग आला होता. आदर्शला तापात झटका आला, डोळे फिरले, ओठ काळेनिळे पडले. पोराला उराशी धरून ती अनवाणी रस्ता ओलांडून आली. डॉक्टर हातात औषध घेऊन तिच्याकडे बघत राहिले.

“चौदा किलो धर,” ते म्हणाले. “किती देशील?”

तिनं आकडा सांगितला. तो तोंडातून कसा निघाला हे तिचं तिला कळलं नाही. पोर शांत झालं. दोन दिवस ती डॉक्टरांशी धड बोलली नाही. आईची परीक्षा घ्यायची ही काय वेळ? पण नोंदणीच्या परीक्षेला पेणच्या सेंटरवर कॉम्प्युटरसमोर बसली तेव्हा नेमका तोच प्रश्न आला आणि तिनं क्षणात उत्तर दिलं. परतीच्या एसटीत तिला वाटलं, आपण उगीच रागावलो.

ती पास झाली. नोंदणी क्रमांक आला. रोह्याच्या इस्पितळातून निरोप आला की शनिवारी हजर व्हा. येताना जिथं काम केलंत तिथल्या डॉक्टरांचा अनुभवाचा दाखला आणा. सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. नाहीतर जागा दुसरीला जाईल.

सोमवारी तिनं दाखला मागितला. डॉक्टर म्हणाले, उद्या. मंगळवारी ते एका पेशंटला घरी तपासायला म्हणून बाहेर पडले ते आलेच नाहीत. बुधवारी लेटरहेड संपलं होतं. गुरुवारी त्यांनी दम्याच्या एका म्हाताऱ्यावरून तिला सहा प्रश्न विचारले. तिनं उत्तरं दिली, पण मन थाऱ्यावर नव्हतं. गणेशनं खोली बघून ठेवली होती. फोनवर तो म्हणाला की मी येऊन बोलतो त्यांच्याशी. ती नको म्हणाली.

“ऐन लावणीत बैल कोण सोडतो गो?” इंदुबाई म्हणाली. “तुला नाय सोडायचा तो.”

रात्रभर ती उठून उठून आदर्शच्या कपाळाला हात लावत राहिली. ताप नव्हता. तरी लावत राहिली.

शुक्रवारी तिनं दाखला स्वतःच टाइप करून आणला. फक्त सही, शिक्का आणि क्रमांकाची जागा मोकळी. दुपारी पेशंट नव्हते. डॉक्टरांनी तो सावकाश, दोनदा वाचला.

“सर, उद्या शनिवार,” ती म्हणाली. “तुम्हाला मला सोडायचं नाही, कळतं मला. पण माझ्या पोराला त्याचा बाप मिळू दे.”

डॉक्टरांनी सही केली. शिक्का मारला. कागद तिच्याकडे सरकवला.

तिला एकदम हलकं वाटलं. चार दिवस आपण या माणसाबद्दल काय काय मनात आणलं, याची लाजही वाटली. मग तिचं लक्ष गेलं. तिनं कागद परत त्यांच्यासमोर ठेवला आणि मोकळ्या जागेवर बोट टेकवलं.

“नंबर राहिला, सर. तुमचा नोंदणी क्रमांक. एवढाच लिहा.”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“नम्रता,” ते म्हणाले, “या दवाखान्यात नंबर फक्त तुलाच मिळालाय.”