तीन महिन्यांपुरता कप

शलाकाने स्वयंपाकघर रिकामं करून टाकलं होतं. बरण्या बहिणीकडे गेल्या, कुकर शेजारी, नवऱ्याचे, श्रीरंगचे, स्वेटरसुद्धा देऊन झाले. जन्मजात दोषाने आता तिचं यकृत आणि फुफ्फुसं दोन्ही थकली होती. नाकात ऑक्सिजनची नळी होती.

"तुमच्यासाठी एक ताट आणि एक कप ठेवलाय," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्यानंतर तुमचे तीनच महिने. पुरेल ना?"

"पुरेल की," श्रीरंग खोकत म्हणाला.

त्यांच्या लग्नाच्या वेळी पत्रिकेत गुण नव्हे, जनुकांवरून काढलेलं आयुर्मान जुळवत. शलाकाचं चोपन्न होतं. म्हणून आईने तिच्याहून तीनच महिन्यांनी लहान, तोच दोष आणि तेवढंच आयुर्मान असलेला मुलगा पाहिला होता.

"बाबांमागे आईने एकटीने वीस वर्षं काढली," शलाका म्हणाली. "तुमचं तसं व्हायचं नाही, एवढं समाधान आहे."

श्रीरंगने तिचा हात हातात घेतला. तिच्याशीच लग्न करायचं म्हणून त्याने आपल्या पत्रिकेतले ब्याऐंशी खोडून चोपन्न करून घेतले होते. तेव्हापासून तो तिच्याबरोबर गोळ्या घेत, खोटं खोकत आला होता.

"कपाचा कान तुटलाय हं," ती म्हणाली. "तेवढ्यापुरता चालवून घ्या."

"चालवून घेईन," तो म्हणाला.