मागच्या सीटवरचं सोवळं

"हात लावूं नको!" मागच्या सीटवरून कनकाबाई ओरडल्या, तसा सेतुमाधवाने पुढे केलेला हात झटकन मागे घेतला.

हातात पट्टा होता. सेतुमाधव मीनंबाक्कमच्या विमानतळावर विमानं दुरुस्त करायचा. मोडीत निघालेल्या विमानातले चार पट्टे त्याने आपल्या फियाटमध्ये स्वतः बसवले होते, दोन पुढे, दोन मागे. अख्ख्या नुंगंबाक्कममध्ये अशी दुसरी गाडी नाही आणि असा दुसरा वेडाही नाही, असं शेजारी म्हणत. शेजाऱ्यांचं काय जातंय म्हणायला! दणका बसला की न बांधलेल्या माणसाचं काय होतं, ते त्यांनी पाहिलं नव्हतं. याने पाहिलं होतं.

"आई, कमरेवरून नुसता घ्यायचा. एवढंच."

"काल तो पट्टा कोण बांधून बसलेला? तुझा साहेब. अंडीं खाऊन आलेला. मी सोवळ्यांत आहें रे. मला नक्को."

आज सेतुमाधवाच्या वडिलांचं श्राद्ध होतं, तांबरमला, थोरल्या भावाच्या घरी. तिथली विहीर आटलेली. म्हणून कनकाबाई पहाटे इथेच न्हाल्या, सोवळं नेसल्या आणि सीटवर आपली धाबळी पसरून एकट्या मागे बसल्या. आता कोणी शिवलं तर पुन्हा स्नान, आणि दुसरं सोवळं वाळत घातलेलं नव्हतं. तिकडे श्राद्धाचा स्वयंपाक त्यांच्याच हातचा व्हायचा होता.

"शिवतोच," सेतुमाधव म्हणाला. "काय करशील?"

"उतरतें. ठेव तुझ्या बापाला उपाशी."

सेतुमाधवाची बायको वसंता पुढच्या सीटवर आपला पट्टा लावून बसली होती. माय-लेकांच्या भांडणात ती सहसा पडत नसे. पण ऊन चढत होतं. "राहू द्या हो," ती म्हणाली. "अकराला ब्राह्मण येतील."

झालं. तीन मोठी माणसं, त्यातलं एक इंजिनियर, आणि जिंकलं सोवळं. सेतुमाधवाने मागचं दार असं आपटलं की काच थरथरली. मग स्वतःचा पट्टा करकचून आवळला आणि आईवरचा सगळा राग पायाखालच्या पेडलवर काढायला लागला. सैदापेटचा पूल मागे पडला, गिंडी मागे पडली. काटा पन्नास मैलांवर गेला.

"हळू," वसंता म्हणाली. "अहो, हळू."

"उशीर कोणी केला? मी?"

परंगीमलैच्या पुढे दगड भरलेली एक लॉरी चालली होती. तो तिला ओलांडायला बाजूला सरकणार, तेवढ्यात लॉरी जागच्या जागी थांबली. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. टायर किंचाळले आणि फियाटचं नाक लॉरीच्या मागच्या फळीखाली घुसलं.

काच फुटून सगळ्यांच्या अंगावर आली. सेतुमाधवाची छाती स्टिअरिंगच्या चाकावर आदळली, पण पट्ट्याने त्याला धरून ठेवलं. वसंतालाही धरून ठेवलं. कनकाबाईंना धरायला काहीच नव्हतं. त्या धाबळीसकट उचलल्या गेल्या आणि पुढच्या सीटच्या पाठीवरून खांद्याने वसंतावर कोसळल्या. काहीतरी कडकन मोडलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज होता तो.

सेतुमाधवाला तो ऐकू आला नाही. त्याला दिसली ती फक्त बायकोची लोंबलेली मान. पट्टा सोडून तो बाहेर पडला. तोवर लोकांनी लॉरीवाल्याला खाली खेचलं होतं. गजेंद्र त्याचं नाव, ते नंतर पोलिसांनी लिहून घेतलं. वहाणांनी, काठ्यांनी, मिळेल त्याने लोक त्याला हाणत होते. "माडु, सामी! माडु!" तो ओरडत होता. माडु म्हणजे बैल. बैल आडवा आला होता खरा. रस्त्याकडेला तो अजून उभा होता. सेतुमाधवाने गर्दीत घुसून गजेंद्रच्या तोंडावर मूठ हाणली. मग आणखी एक. दात तुटून मुठीत रुतला तरी तो हाणतच राहिला. शेवटी लोकांनीच त्याला आवरलं.

जवळच्या दवाखान्यात कनकाबाईंना भिंतीकडेच्या बाकावर बसवलं होतं. खांद्याचं हाड मोडलं होतं. चार परक्या माणसांनी त्यांना उचलून आणलं, कंपाउंडरने हात धरून फळीला बांधला. त्या कुणाला 'शिवूं नको' म्हणाल्या नाहीत.

डॉक्टर पडद्याआडून बाहेर आले. वसंता गेली, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आता पोलिसांसाठी कागद भरायचा होता. ते तमिळमध्ये म्हणाले, "एक कळत नाही. समोरून मार फार नाही. पट्ट्याने धरलं होतं, वाचायला हव्या होत्या. मानेचा मणका मागून तुटलाय. पाठीमागून काहीतरी जड येऊन बसलंय. मागच्या सीटवर काय होतं?"

सेतुमाधवाने बाकाकडे पाहिलं नाही. स्वतःच्या सोललेल्या मुठीकडे पाहत राहिला. सगळं त्याला एकदम कळलं होतं, आणि कळायला नको होतं.

"तांदळाचं पोतं," तो म्हणाला.

डॉक्टर लिहू लागले.

"पोतं नव्हतं." कनकाबाई जन्मभर लेकाशी मराठीतच बोलत आल्या होत्या. पण डॉक्टरांना कळावं म्हणून आता त्या तमिळमध्ये बोलल्या, हळू, एकेक शब्द सुटा करून. "खोडा ते. मी होते."