साम्राज्य पडेपर्यंत

अझ्टेक लोकांचं साम्राज्य अजून पडलं नव्हतं आणि रावसाहेबांना त्यामागे डाव दिसत होता.

रविवारचं दुपारचं जेवण चाललं होतं. समोर व्याही बसले होते. निशिकांत, अकोल्याचे निवृत्त इतिहासशिक्षक. ते लेकीकडे, सिंगापूरला बिशान भागातल्या या फ्लॅटमध्ये, आठ दिवसांसाठी आले होते. व्याह्यांचा मान म्हणून रावसाहेबांनी त्यांना स्वतःची खोली दिली आणि आपण हॉलमधल्या सोफ्यावर आले. आता तिसरा आठवडा लागला होता. मधल्या काळात नातीच्या, प्रियदर्शिनीच्या, शाळेत मेक्सिकोतल्या अझ्टेकांचा धडा निघाला आणि रोज जेवताना ती गोष्ट सांगायची जबाबदारी निशिकांतांनी आपणहून उचलली. परतीचं विचारलं की म्हणायचे, एवढं साम्राज्य पडलं की निघालोच.

पण साम्राज्य चढतच होतं. भटकी टोळी तळ्याकाठी पोचायलाच पहिला आठवडा गेला. मग निवडुंगावर गरुड बसला, कोणाला नको असलेल्या बेटावर शहर उभं राहिलं. तळ्यात तरंगणाऱ्या शेतांवर तर तीन जेवणं उठली. शेतं जरा थोडक्यात आटपा, परीक्षेला येत नाहीत, असं रावसाहेबांनी सुचवून पाहिलं. निशिकांत म्हणाले, पाया पक्का हवा.

खुणा इतरही होत्या. निशिकांतांनी बाहेर कॉरिडॉरमध्ये कढीपत्त्याचं रोप लावलं होतं. आठ दिवसांसाठी आलेला माणूस कढीपत्ता लावत नाही. परवा शेजारच्या टॅन आंटी पपई घेऊन आल्या. रावसाहेबांनी दारातच हात पुढे केले, तर त्या म्हणाल्या, ही दुसऱ्या अंकलसाठी. शेजारीसुद्धा फितूर झाले होते. रावसाहेबांनी हे सगळं मुलाच्या, रत्नदीपच्या, कानावर घातलं. तो आठवडाभर जुरोंग आयलंडवर रिफायनरी सांभाळून रविवारी घरी शांतता शोधणारा माणूस. बाबा, असू द्या ना, एवढंच म्हणाला.

तेव्हा रावसाहेबांनी स्वतःच उपाय काढला. जेवणं झाल्यावर त्यांनी सेरंगून रोडच्या भारतीय दुकानांतून आणलेली पिशवी बाहेर काढली. व्याह्यांना शर्टपीस, शाल, आणि विहीणबाई सरलाताईंसाठी साडी. आहेर हातात पडला की पाहुण्याने उठायचं असतं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. शिवाय साडी द्यायला अकोल्याला जावंच लागणार होतं. साडीची युक्ती त्यांची त्यांनाच फार आवडली होती.

शाल खांद्यावर पडताच निशिकांतांचे डोळे भरून आले. सून सविता तर सासऱ्यांकडे बघतच राहिली. पिशवी छातीशी धरून निशिकांत खोलीत गेले. आतून बराच वेळ फोनवर बोलण्याचा आवाज येत होता. तिकिटाचं चाललं असणार, असं समजून रावसाहेबांनी बऱ्याच दिवसांनी सुपारी कातरायला घेतली.

निशिकांत शाल पांघरूनच बाहेर आले आणि टेबलाशी बसून त्यांनी गोष्ट पुढे नेली. किनाऱ्यावर परके लोक उतरले. राजाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने दूतांबरोबर सोनं पाठवलं, गाडीच्या चाकाएवढी सोन्याची तबकडी, आणि निरोप दिला की हे घ्या, राजधानीपर्यंत यायची तसदी घेऊ नका.

रावसाहेबांना हा राजा पहिल्यांदाच पटला.

"बरोबर केलं. सभ्य माणूस आणखी काय करणार? मग गेले ना परत?"

"कसे जातील, आजोबा?" प्रियदर्शिनी तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "गोल्ड बघितलं ना त्यांनी. दे वॉन्ट मोर लाह."

"राजाला वाटलं, आपण त्यांना वाटेला लावलं," निशिकांत म्हणाले. "त्यांना वाटलं, आपल्याला बोलावलं."

रावसाहेबांनी व्याह्यांचा चेहरा नीट तपासला. त्यावर काहीच सापडलं नाही, आणि तेच त्यांना सगळ्यात संशयास्पद वाटलं.

"पण साम्राज्य पडतं कधी?"

"घाई काय आहे? अजून पाहुण्यांना राजाच्या वडिलांच्या राजवाड्यात उतरवायचंय." निशिकांतांनी शालीचं टोक सारखं केलं. "पण आता इथेच थांबतो. सरलाला साडीचा फोटो पाठवला. तिला इतकं भरून आलं, म्हणाली, एवढ्या मानाची साडी मी लेकीच्या घरी येऊनच नेसणार. गुरुवारच्या विमानाने येतेय. तिला गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागेल. टोळी भटकत होती, तिथपासून."

सविता आनंदाने उठली आणि आईला फोन लावायला आत पळाली. रत्नदीप रिकाम्या ताटात काहीतरी शोधू लागला.

रावसाहेब गुपचूप सोफ्यावर जाऊन आडवे झाले. थोड्या वेळाने खोलीचं दार उघडलं आणि एसीची गार झुळूक हॉलमध्ये आली. दारात निशिकांत उभे होते.

"रावसाहेब, अहो, तिथे कुठे अंग आखडून पडलात? गुरुवारपर्यंत दुपारचे आत येऊन झोपत जा. माझी काही अडचण नाही. संकोच करू नका, आपलंच घर समजा."

रावसाहेब उठले. उघड्या दारापाशी आले, त्यावर हलकेच टकटक केली आणि मग आत गेले.