अकारविल्हे

वाघ दिसला की त्या गावातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर इशारा जावा, म्हणून वनखात्यातल्या प्रफुलने प्रोग्राम लिहिला. एका यादीत गावं, दुसरीत त्याच क्रमाने प्रत्येक गावचे नंबर. दोन्ही जोडून 'गाव आणि त्याचे नंबर' अशी डिक्शनरी तयार. जोडण्याआधी नीटनेटकं दिसावं म्हणून त्याने गावं तेवढी अकारविल्हे लावली. नावं हलली, नंबर जागच्या जागी राहिले. प्रोग्राम बिनबोभाट चालला, साहेबांनी पाठ थोपटली.

आज सकाळी पडद्यावर त्याच्याच गावचं नाव लाल झालं. खाली अक्षरं उमटली, 'इशारा पोचला'. तरी त्याने घरी फोन लावला.

"आई, मेसेज पाह्यला ना? बाबाले बाहेर जाऊ देऊ नको."



"मेसेज तर नाई आला रे. तुझे बाबा रोज मोबाइल पाहूनच जंगलात मोहफुलं वेचाले जातेत. आताच गेले."