पिवळा मालोंग

डोंगरातल्या बंदूकवाल्यांनी तो व्हिडिओ पहिल्यांदा पसरवला, तेव्हा आमचा मारावीचा अख्खा बाजार पळाला. व्हिडिओत आमचाच बाजार बॉम्बने उडत होता. प्रत्यक्षात काहीच झालं नव्हतं. त्यांनी पुन्हा पसरवला, आम्ही पुन्हा पळालो. मग पळायचाही कंटाळा आला.

त्या व्हिडिओत स्फोटाच्या जरा आधी एक बाई पाठमोरी वाकून सांडलेल्या मिरच्या वेचते. नेसलेला लुंगीसारखा मालोंग पिवळा, काठाला जांभळी नक्षी.

शेजारच्या गाळ्यावर बाबो मोनारा मिरच्या विकते. बाबो म्हणजे सगळ्या बाजाराची मावशी.

“बाबो, ही तूच की गं!” मी तिला चिडवायचो.

“मेल्या, माझ्याकडे कुठला पिवळा मालोंग? खोटं आहे सगळं. तू आपली सुकट वीक.”

आज ईदचा दुसरा दिवस. बाबो मिरवतच आली. “लेकीनं इलिगनहून धाडलाय. कसा दिसतो?”

पिवळा. काठाला जांभळी नक्षी.

“छान,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम वाजले. तोच व्हिडिओ. कुणी मानही वर केली नाही.

बाबोच्या हातून टोपली निसटली.

“अगं बाई,” ती पुटपुटली आणि माझ्याकडे पाठ करून मिरच्या वेचायला वाकली.