वर्गातली कळ

गर्भाशयाच्या जुन्या दुखण्याने ओटीपोटात कळा येऊ लागल्या, की ती डॉक्टरांसमोर ओठ घट्ट मिटून बसायची. ते म्हणायचे, "बाई, सगळ्याच बायकांचं दुखतं. जरा सोसायला शिका."

पोटापाण्यासाठी ती त्याच डॉक्टरांच्या मेडिकल कॉलेजातल्या वर्गात, विद्यार्थ्यांना तपासणी शिकता यावी म्हणून, रुग्णाचं सोंग करायची. तिथे ती गुरासारखी ओरडली, की डॉक्टर विद्यार्थ्यांना बजावायचे, "अशा बाईला घरी पाठवाल तर खबरदार! लगेच दाखल करायचं."

एका सकाळी कळ असह्य झाली. दवाखान्याच्या दारात नवरा म्हणाला, "अगं, दुखणं किती गिळशील? वर्गात ओरडतेस तशी ओरड की!"

डॉक्टरांसमोर ती जिवाच्या आकांताने ओरडली.

डॉक्टर हसले. "वा, झकास! पण बाई, वर्ग उद्या आहे."