दोन उलटे

बटण दाबलं की दिवा विझायचा, सोडलं की पेटायचा.

"बिघडलंय," मेइयुन म्हणाली.

"नाही गं आई. मध्ये ट्रान्झिस्टर आहे." यीचेनने जोडणीच्या पाटीवरचा काळा ठिपका दाखवला. "याला चिमूटभर वीज दिली की आतली वाट उघडते. मग सगळी वीज तिकडून पळते, दिव्याला काही उरत नाही. होय म्हटलं की नाही, नाही म्हटलं की होय."

"म्हणजे तुझे बाबा."

यीचेन हसली, पण नजर घड्याळावर होती. शिनचूच्या चिप कारखान्यात नोकरी लागली होती आणि येते की नाही, ते बारापर्यंत फोनवर कळवायचं होतं. बाबांना, तेंगफाला, अजून विचारलंच नव्हतं. त्याचं इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचं हे दुकान आता लेकच चालवत होती, आणि तेंगफा असा, की छत्री घ्या म्हटलं तर त्याला ऊन दिसे.

"तू गप्प बस," मेइयुन म्हणाली. "मी बघते."

तेंगफा भाताच्या गरम गुंडाळ्या घेऊन आला. त्याला बसूही न देता तिने सुरुवात केली.

"अहो, पोरीला शिनचूला नोकरी लागलीय. पाठवायचं नाही म्हणजे नाही! दुकान कोण बघणार?"

तेंगफाने गुंडाळी खाल्ली. शेजारचा दुकानदार कान देऊन ऐकत होता, त्याच्याकडे पाठ केली. मग यीचेनची पाटी पुढे ओढली, खणातून दुसरा ट्रान्झिस्टर काढला, पहिल्याच्या पुढे जोडला आणि बटण दाबलं.

दिवा पेटला.

"एक उलटा असला की उलटं होतं," तो बायकोला म्हणाला. "दोन उलटे एकामागे एक लावले, की जे दाबलं तेच बाहेर येतं. एवढी वर्षं मी काय बटाटे विकले?"

मेइयुनने भाताचा घास उगाच मोठा घेतला.

"बटण कुणी दाबलंय?" त्याने विचारलं.

"मी, बाबा," यीचेन म्हणाली. "मला जायचंय."

"मग फोन कर. मधले दोघं उलटेच आहेत, काळजी नको."

ती फोनकडे धावली. तेंगफा उठून सुटे भाग तपासायच्या मशीनपाशी गेला. मशीनवर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतं, न फोडलेलं. असं पाकीट ठेवलं की मशीन गुणी राहतं, यावर या बाजारात कुणी वाद घालत नाही. पिवळं चालत नाही, शिळं तर नाहीच.

त्याने ते उचललं.

"अहो, आणि आपलं मशीन ऐकेनासं झालं तर?"

"इथे कोण कुणाचं ऐकतं," तेंगफा म्हणाला. चष्मा वर करून त्याने पाकिटावरची मुदत वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि पाकीट चुरगळणार नाही अशा बेताने लेकीच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवलं.